मागच्या दाराचा हिशोब



आपल्या व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र मला आले, तेव्हा माझा समज असा झाला की, वक्त्यांच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे सोपवावयाची आहे. मी त्यांना विचारले, "पाने किती?" ते म्हणाले, "पाने नकोत, बोलावयाचे आहे." या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आम्ही खाणावळवाल्यांनी ऐकावे, ही रीत. ती आज मोडली आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडले नाही, तर दोष चालकांचा, आणि मीठ कमी पडले, तर माझा.

मी साताऱ्याचा. वडिलांनी तेथे खाणावळ काढली, पुढे तिला दहा खोल्यांचा लॉज जोडला, आणि माझे सारे आयुष्य त्या गल्ल्यामागे गेले. आपण सांगलीचे. पण तुम्ही-आम्ही परके नाही. 1949 साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा तुमचा जिल्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाऊ लागला. 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर घर वेगळे झाले. विहीर मात्र एकच राहिली. ती विहीर म्हणजे कृष्णा. आम्ही तिच्या वरच्या अंगाला राहतो, तुम्ही खालच्या अंगाला. आम्ही जे ओततो, ते तुमच्या दाराशी येते. म्हणून आजच्या विषयावर बोलावयास साताऱ्याच्या माणसाने सांगलीत उभे राहावे, हे मला योग्य वाटते.

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'हॉटेलचा धंदा आणि पर्यावरण'. पर्यावरण हा शब्द माझ्या वडिलांना ठाऊक नव्हता. त्यांना तो एका शेजारणीने शिकविला. ती हकीकत आधी सांगतो, कारण पुढचे सारे बोलणे तिच्यातूनच निघाले आहे.

मी तेव्हा शाळेत होतो. लॉज नवा होता, उन्हाळ्याचे दिवस होते, लग्नसराईमुळे दहाही खोल्या भरलेल्या. मागच्या बाजूला सेप्टिक टँक आणि त्याला जोडून शोषखड्डा होता. जागा वाचावी म्हणून तो शेजारच्या कुंपणालगत घेतला होता. कुंपणापलीकडे एका म्हाताऱ्या बाईंची विहीर होती. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. एके दिवशी सकाळी, ऐन नाश्त्याच्या गर्दीत, मावशी पुढच्या दाराने आल्या आणि पाण्याने भरलेला तांब्या त्यांनी गल्ल्यावर ठेवला. पाण्याला वास येत होता. वडिलांना वाटले, काही मागावयास आल्या असतील. मावशी म्हणाल्या, "अण्णा, ह्ये तुमचंच हाय. परत द्यायला आले." एवढे बोलून त्या वळल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवशी वडील जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी खोल्या रिकाम्या केल्या, शोषखड्डा बुजविला, आणि दुसऱ्या टोकाला, विहिरीपासून पन्नास फुटांहून दूर, नवा खणला. मावशींची विहीर तीनदा उपसून दिली. तरी ते पाणी पिण्याजोगे होण्यास दोन पावसाळे लागले. त्या दोन वर्षांत मावशींच्या घरचे पिण्याचे पाणी आमच्या नळावरून जात असे आणि ते मी नेऊन देत असे. वडील नेहमी म्हणत, "गिऱ्हाईक पुढच्या दाराने येते आणि पैसे देते. मागच्या दाराने जे जाते, त्याचे बिल कोणी करीत नाही. म्हणून ते आपण करावयाचे."

मंडळी, आज मला जे सांगावयाचे आहे, ते एवढेच आहे. हॉटेलची परीक्षा मागच्या दारात होते. त्या दारातून चार गोष्टी बाहेर पडतात: सांडपाणी, उष्टे, धूर आणि कचरा. या चारांचा हिशोब आपण क्रमाने पाहू.

आधी पाणी. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांचा उगम मानतात. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा मात्र वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते, तुमच्या शेजारी हरिपूरला वारणेला भेटते आणि मिरजेकडे जाते. 1828 साली गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरी हवा खाण्याचे ठाणे वसविले. 1842 साली साताऱ्याच्या राजांनी, आप्पासाहेब महाराजांनी, तेथे वेण्णा तलाव बांधविला. त्या काळी वर जाणारे थोडे होते, आणि तलाव त्यांना पुरून उरत होता. आता डोंगरावर हॉटेलांच्या रांगा आहेत.

महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस असून त्याच तालुक्यातील काही गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे ऐकून परगावच्या माणसाला आश्चर्य वाटते. पण कारण साधे आहे. डोंगरमाथ्यावर जांभा दगड आहे. तो चाळणीसारखा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खाली काळ्या कातळाशी अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पाऊस संपला की, झरा हळूहळू आटत जातो. जांभ्याला पाणी गाळता येते, मैला ओळखता येत नाही. वरच्या हॉटेलचा शोषखड्डा ज्या दगडात मुरतो, त्याच दगडाचा झरा खालच्या वाडीतील बायका हंड्यात भरतात. आमच्या मावशींची गोष्ट तेथे डोंगराएवढी होऊन उभी आहे.

आता थोडा हिशोब. नळपाणी योजना आखताना सर्वसाधारण हॉटेलात दर खाटेमागे रोजचे 180 लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी धरलेले प्रमाण आहे 55 लिटर. म्हणजे पन्नास खाटांचे हॉटेल भरले की, त्याला रोज 9,000 लिटर पाणी लागते. तेवढ्यात खेड्यातील 163 माणसे दिवस काढतात. या 9,000 लिटरांतील सुमारे चार-पंचमांश, म्हणजे 7,200 लिटर, घाण होऊन मागच्या दाराने बाहेर पडते.

पाण्याची किंमत सांगलीकरांना मी काय सांगावी? एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत 5 लाख लिटर पाणी होते. सारा देश ती गाडी पाहत होता. ते सारे पाणी आपल्या पन्नास खाटांच्या एका हॉटेलला फक्त पंचावन्न दिवस पुरले असते. ही तुलना मी कोणाला लाज वाटावी म्हणून करीत नाही. नळाखाली उभे राहिले असता जे दिसत नाही, ते दिसावे म्हणून करतो.

मग करावयाचे काय? पाहुण्यास आंघोळ नको म्हणावे काय? तसे नव्हे. आंघोळीचे आणि हात धुण्याचे पाणी संडासाच्या पाण्यात मिसळू देऊ नये, ही पहिली गोष्ट. हे पाणी फारसे घाण नसते. ते एका टाकीत निवळू द्यावे, मग खडी-वाळूच्या चरातून, वर कर्दळ लावलेल्या वाफ्यातून जाऊ द्यावे. बाहेर येते ते बागेला आणि संडासाच्या टाक्यांना चालते. स्वयंपाकघराच्या मोरीला तेल अडविणारा सापळा हवा. तेलकट पाणी शोषखड्ड्यात गेले की, मातीची भोके बुजतात आणि खड्डा वर्षा-दोन वर्षांत तुंबतो. मग मालक म्हणतो, जमीन वाईट आहे. जमीन वाईट नसते, सापळा नसतो.

दुसरी गोष्ट छपराची. महाबळेश्वरी दोनशे चौरस मीटर छपरावर वर्षाला अकरा लाख लिटर पाणी पडते. सारे साठविण्यास मोठी टाकी लागेल आणि ती परवडणार नाही, हे मला कळते. पण एक लाख लिटरांची टाकी बांधली, तरी पन्नास खाटांचे अकरा दिवस निघतात, आणि मे महिन्यातील अकरा दिवस म्हणजे काय, हे टँकरवाल्याला विचारावे. तुमच्याकडे सांगलीत पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्याच छपरावर सव्वा लाखाच्या आतबाहेर पाणी मिळेल. तेही सोडण्यासारखे नाही. जत आणि आटपाडीच्या लोकांनी एवढे पाणी गटारात जाताना पाहिले, तर ते आपल्याला क्षमा करणार नाहीत.

आता उष्टे. हा माझा खरा विषय. कारण येथे गुन्हेगार आम्ही वाढणारेच आहोत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली एक अहवाल काढला. 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले, असे त्यात दिले आहे. त्यांपैकी साठ टक्के घरांतून, आणि अठ्ठावीस टक्के हॉटेले, खाणावळी आणि भोजनालये यांतून. अठ्ठावीस टक्के म्हणजे 29 कोटी टनांवर. जेथे पैसे मोजून अन्न विकले जाते, तेथे ही स्थिती!

आपल्याकडे याला आग्रहाची जोड मिळते. अतिथीला देव मानावे ही शिकवण चांगली. पण देवापुढे नैवेद्य ठेवतात तो वाटीभर असतो, पातेलेभर नसतो. आमच्या वडिलांचा वाढप्यांना एक दंडक होता: दोनदा विचारावे, एकदा वाढावे. भात आधी अर्धी मूद. हवा असेल तर पुन्हा, पैसे तेवढेच. नवा वाढपी आला की, पहिले आठ दिवस त्याला ताटे उचलण्यास ठेवीत. कोणत्या ताटात काय राहते, हे ज्याने पाहिले नाही, त्याला काय वाढावे हे कळत नाही, असे ते म्हणत. आठ दिवसांनी तो पोऱ्या आचाऱ्याला सांगू लागे, "दुधीची भाजी रोज निम्मी परत येते." मग दुधी निम्मा चिरला जाई. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

अन्नाचे मोल कळलेले एक वसतिगृह आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे तुमच्या वाळवे तालुक्यातले. त्यांचे कार्य साताऱ्याचे. 1924 साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसू लागली. घरात धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी गळ्यातील मंगळसूत्र मोडले. ज्या गावात एका माउलीने मंगळसूत्र देऊन धान्य आणले, त्या गावात खाणावळीच्या मागच्या दाराने रोज बादलीभर भात नाल्यात जावा, हे मला सोसत नाही.

तरीही काही उष्टे राहणारच. भाज्यांची देठे, केळ्यांच्या साली, ताटातले उरलेले राहते. त्याचे काय? येथून धुराचा, म्हणजे इंधनाचा प्रश्न जोडला जातो. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उष्ट्यावर आणि पिठूळ पदार्थांवर चालणारे आटोपशीर गॅस-संयंत्र तयार केले. 2006 साली त्याला इंग्लंडचे अॅशडेन पारितोषिक मिळाले. या संशोधनाचा आमच्या फलटणशी जुना संबंध आहे. त्यातील मर्म मोठे गमतीचे आहे. शेणाच्या गॅसला चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागत असतील, तर तेवढाच गॅस दोन किलो पिठूळ पदार्थांतून एक-दोन दिवसांत मिळतो, असे त्यांना दिसले. कारण उघड आहे. शेण म्हणजे बैलाने आधीच पचविलेले अन्न. त्यातील बरीच शक्ती बैलाने घेतलेली असते. उष्ट्या भातातील शक्ती शाबूत असते. मोठ्या प्रमाणावर हेच काम करणारे 'निसर्गऋण' संयंत्र मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बसविले आहे. तेव्हा जो भात नाल्यात कुजून वास मारतो, तोच टाकीत कुजला तर चहाचे आधण ठेवतो. सारे सिलिंडर बंद होतील, असे मी सांगणार नाही. काही कमी होतील आणि नाला स्वच्छ राहील, एवढे नक्की.

गरम पाण्यासाठी पूर्वी आमच्याकडे तांब्याचा बंब होता. डोंगरावर अशा बंबांना लाकूड जंगलातून येई. 17 जानेवारी 2001 रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि बांधकाम, वृक्षतोड वगैरेंवर बंधने घातली. 2012 साली कासचे पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले. त्या जंगलाचे लाकूड आंघोळीसाठी जाळणे आता कोणाला शोभणार नाही. छपरावरचा सौर बंब हा त्याला चांगला पर्याय. पावसाळ्यात धुक्यामुळे तो डोंगरावर निकामी असतो, हा आक्षेप खरा. पण ऑक्टोबरपासून मेपर्यंत, म्हणजे हंगामाच्या मोठ्या भागात, ऊन असतेच. आठ महिने ज्याने नोकरी केली, त्याला चार महिने रजा द्यावी.

शेवटी कोरडा कचरा. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या आदेशाने प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे बंद झाले. 1 जुलै 2022 पासून अशा कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा झाला, पण पाण्याची बाटली प्रत्येक मेजावर उभीच आहे. आमच्याकडे आम्ही गाळलेल्या पाण्याचा मोठा माठ ठेवला आणि वर लिहिले, 'हेच पाणी मालक पितो.' त्यानंतर बाटल्यांचा खप निम्म्याहून खाली आला. तळणीचे काळे झालेले तेल मोरीत ओतू नये आणि गाडीवाल्यालाही विकू नये. 2018 पासून असे तेल गोळा करून त्याचे जैवइंधन करण्याची सोय सुरू झाली आहे. परवानाधारक माणूस ते पैसे देऊन नेतो.

आमच्या जिल्ह्यात हे होऊ शकते, याचा पुरावा आहे. पाचगणीने 2018 च्या स्वच्छ सर्वेक्षणात लहान शहरांत पश्चिम विभागात मान मिळविला; 2020 साली एक लाखाच्या आतील शहरांत कऱ्हाड देशात पहिले आले. ही शहरे आकाशातून पडलेली नाहीत. तेथील बायकांनी ओला आणि सुका कचरा वेगळा केला, तेव्हा हे झाले. घरातील बाई जे रोज करते, ते दहा नोकर ठेवणाऱ्या मालकाला जमत नाही, असे कसे म्हणावे?

आता दोन आक्षेप. धंद्यातील मित्र म्हणतात, "गिऱ्हाईक पैसे मोजतो. त्याला चादर रोज धुतलेली हवी, टॉवेल रोज नवा हवा." मी म्हणतो, त्याला कधी विचारले आहे काय? अमेरिकेतील एका हॉटेलात खोल्यांमध्ये टॉवेल पुन्हा वापरण्याविषयी निरनिराळ्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. तो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. 'निसर्गासाठी टॉवेल पुन्हा वापरा' असे लिहिले, तेथे सुमारे 35 टक्के लोकांनी ऐकले. 'येथे उतरणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे लिहिले, तेथे 44 टक्क्यांनी. माणूस उपदेशापेक्षा शेजाऱ्याकडे पाहून वागतो. हे आपल्या पंक्तीलाही ठाऊक आहे. एकाने पान पुसून खाल्ले की, शेजारचा भात टाकीत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. लहान लॉजवाल्याचा नफा किती असतो, हे मला माहीत आहे. म्हणून ज्याला पैसा लागत नाही, तेथून सुरुवात करावी: अर्धी मूद, गळका नळ, दोन बादल्या, पाण्याचा माठ. यातून जे वाचेल, त्यातून मोरीचा सापळा. मग कर्दळीचा वाफा. मग सौर बंब आणि संयंत्र. आम्हाला हे सारे करण्यास नऊ वर्षे लागली. कर्दळीचा पहिला वाफा तर फसला; खडी बारीक पडली, पाणी तुंबले, डास झाले, आणि शेजाऱ्यांनी पुन्हा तक्रार केली. खडी बदलून तो दुसऱ्यांदा घातला. फसणे यात पाप नाही, मागचे दार बंद करून बसणे यात आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, आणि तुमची सांगली पाण्यात बुडाली. तो पूर हॉटेलांनी आणला, असे मी म्हणत नाही. पण पाणी ओसरल्यावर मी येथे नातलगांकडे आलो होतो, तेव्हा कुंपणांच्या तारांना आणि बाभळींना प्लॅस्टिक लोंबत होते. त्यात काही पेले होते, ताटे होती. त्यावर कोणत्या गावचे नाव छापलेले नव्हते. तरी मला वाटले, यातले एखादे आमच्या मागच्या दारातून निघालेले असेल. मावशींनी तांब्या आणून गल्ल्यावर ठेवला होता. तुम्हाला साताऱ्यापर्यंत तांब्या घेऊन येणे शक्य नव्हते. म्हणून आज मी आलो.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधविल्या. त्यांच्या हातात मात्र शेवटपर्यंत, 1956 पर्यंत, खराटा होता. उतरावयास जागा देणे आणि ती जागा झाडणे, ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. आम्ही हॉटेलवाले धर्मशाळा चालवीत नाही, पैसे घेतो. म्हणून आमच्यावर झाडण्याची जबाबदारी अधिकच आहे.

तुम्ही श्रोतेही एका अर्थाने आमचे गिऱ्हाईक आहात. उद्या कोठे उतराल, कोठे जेवाल, तेव्हा मेनूकार्ड पाहून झाल्यावर मालकाला एकदा विचारा, "तुमचे सांडपाणी कोठे जाते?" तो रागावेल, गोंधळेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले की, अकराव्याच्या आधी तो मागे जाऊन पाहून येईल.

माझ्या हॉटेलात याल, तेव्हा हे विचारावयास विसरू नका.